इद्रीसच्या मापाची होडी

इद्रीस कतारहून कायमचा परत आला, त्या थंडीत त्याने घराची सगळी पडवी अडवली. कशासाठी ते बायकोला, शमीमला, त्याने लगेच सांगितलं नाही. आधी सागाच्या दोन लांबलचक पट्ट्या आल्या, मग कळकाच्या कामट्या, मग जाळं विणायच्या दोऱ्याची रिळं. खाडीकाठच्या राजिवड्यात सगळा शेजार होड्यांवर जगणारा. त्यामुळे पडवीत होडी होतेय हे शमीमच्या आधी शेजाऱ्यांनीच ओळखलं.

मात्र तसली होडी त्यांच्यापैकी कोणी पाहिलेली नव्हती. दोह्याच्या बंदरात इद्रीस ज्याच्या हाताखाली काम करायचा, त्या नॉर्वेच्या इंजिनिअरने स्वतःसाठी एक कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, बनवली होती. तिला फळ्या नव्हत्या. लाकडाचा नुसता सांगाडा, त्याचे सांधे दोऱ्याने बांधलेले, आणि वरून कातड्यासारखं ताणून शिवलेलं कापड. बर्फाच्या मुलखातली माणसं पूर्वी सीलचं कातडं ताणायची, असं त्या साहेबाने सांगितलं होतं. इद्रीसच्या डोक्यात ती होडी तेव्हापासून बसली होती. सुट्टीच्या दिवशी बाकीचे गावाकडे फोन लावून बसले की हा मोबाइलवर त्याच कामाचे व्हिडिओ बघत बसायचा.

शमीमला सुरुवातीला आनंदच झाला. त्याला कारण होतं. तिकडून बोलताना इद्रीस कितीदा तरी म्हणाला होता, एकदा कायमचा आलो की तुला खाडीतून फिरवून आणीन, आपण दोघंच. तिच्या माहेरी आणि सासरीही पुरुष समुद्रावर जायचे, बायका बंदरावरून होड्या बघायच्या. ती बात आपल्या लक्षात आहे हे तिने बोलून दाखवलं नाही. पण इद्रीसने तिचा मोठा कुकर मागितला तेव्हा काहीही न विचारता दिला.

कुकर हवा होता वाफेसाठी. शिटीच्या जागी रबरी नळी बसवून त्याने ती वाफ एका पाइपात सोडली आणि पाइपात कामट्या घातल्या. पुरेशा मऊ झाल्या की एकेक बाहेर काढायची आणि गार व्हायच्या आत वाकवून बरगडीसारखी बसवायची. दुसरं टोक धरायला शमीम. पहिल्या काही कामट्या ताडकन मोडल्या तेव्हा दोघंही हसली. नवऱ्याबरोबर एखादं काम हातात धरून करायची तिची ही पहिलीच वेळ होती. सासूचं लांबलेलं दुखणं तिने एकटीने काढलं होतं. विहिरीचा पंप, घराची कौलं, सगळं तिनेच बघितलं होतं. इकराचं, त्यांच्या एकुलत्या मुलीचं, लग्न गुहागरला ठरलं तेसुद्धा तिनेच ठरवलं. इद्रीस निकाहाच्या आदल्या दिवशी आला आणि पाहुण्यांत बसला.

होडीचं माप गजाने घ्यायचं नव्हतं, अंगाने घ्यायचं होतं. लांबी त्याच्या उंचीच्या तिप्पट, रुंदी त्याची कंबर आणि वर दोन मुठी. कामट्या वाकवायच्या आधीच इद्रीस पडवीत उताणा झोपला होता आणि शमीमने त्याच्या अंगाच्या कडेने खडूने रेघ मारली होती. त्याचे केस कानाशी किती पांढरे झालेत, हे तिला तेव्हा जवळून दिसलं.

सांगाडा उभा राहिला आणि मुंबईहून जाड नायलॉनचं कापड आलं. इथे इद्रीसचं घोडं अडलं, कारण त्याला सुईत दोरा ओवायचीही सवय नव्हती. शमीम गेली कित्येक वर्षं राजिवड्यातल्या बायकांचे बुरखे आणि ब्लाउज शिवत होती. तिने कापड चाचपून बघितलं आणि सांगितलं की हे मशीनचं काम नव्हे. कापड सांगाड्यावर ताणायचं आणि वरून मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हाताने शिवत जायचं. मेण लावलेला दोरा ओढून ओढून तिच्या बोटांना चिरा पडल्या. मागच्या टोकापासून शिवत ती मध्यापर्यंत आली. तिथे बसायचं भोक होतं, भोवती वाकवलेल्या लाकडाचं कडं. तिने पुढे नजर टाकली. पुढे नुसत्या आडव्या पट्ट्या होत्या, दुसरं कडं कुठेच नव्हतं.

तिने सुई थांबवून विचारलं, "दुसऱ्याने बसायचं कुठं?"

"ही एकट्याचीच असते," इद्रीस म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली तेव्हा त्याला पुढे बोलावं लागलं. "बावीस वर्षं आठ माणसांच्या खोलीत झोपलो, शमीम. कूस बदलली तरी दुसऱ्याला कळायचं. मला एक जागा हवी होती, जिथं दुसरं कोणी मावणारच नाय."

"आणि मी बावीस वर्षं या घरात एकटी झोपले," शमीम म्हणाली.

तिने पुन्हा सुई उचलली. हातात घेतलेलं काम अर्धवट टाकणं तिला जमत नव्हतं, आणि मुद्दाम वाईट शिवणं तर त्याहून जमत नव्हतं. पुढचं टोक तिने मागच्यापेक्षाही नेटकं शिवलं.

रंगाचे हात देऊन झाल्यावर होडी खाडीत उतरवली, तेव्हा निम्मा राजिवडा जमला. जन्मभर होड्या हाकलेल्या म्हाताऱ्या तांडेलांनी कापडावर बोट दाबून बघितलं आणि ते हसले. होडी पाण्यावर सुळकन सरकली तेव्हा हसायचे थांबले. इद्रीसचा पुतण्या तन्वीर मोबाइलवर शूटिंग करत होता. शिवण इतकी बारीक कशी, असं त्याने विचारलं. त्या देशातली पद्धतच तशी आहे, दुहेरी टाका असतो, असं इद्रीसने समजावून सांगितलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण शमीम मागे चार पावलांवर उभी होती आणि तिने ते ऐकलं.

मग रोजचंच झालं. भरती बघून इद्रीस निघायचा तो दुपारी परतायचा, जेवायचा, स्वस्थ झोपायचा. इतकं सुखी तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. तिच्याशी बोलायचा गोडच, पण खानावळवालीशी बोलावं तसं. एका जुम्म्याला तो मशिदीत गेला असताना शमीम पडवीतल्या होडीत बसून बघायला गेली. पाय आत गेले, पण कंबर कड्यात अडकली. सुटताना मांडीला खरचटलं. ते तिने कोणाला सांगितलं नाही, दोन दिवस हळद लावली.

मार्चअखेर ओहोटीच्या वेळी होडी कालवांच्या धारदार शिंपांनी भरलेल्या खडकावर घासली आणि तळाचं कापड हातभर फाटलं. इद्रीस कमरेइतक्या पाण्यातून ती डोक्यावर घेऊन आला. होडी पालथी ठेवली, घरातून सुई आणि मेणाचा दोरा आणला आणि ब्लाउज बेतत बसलेल्या शमीमसमोर ठेवला.

"एवढं शिवून दे."

"नाय," ती म्हणाली.

तिला सवड नसेल असं त्याला वाटलं. "मग उद्या दे."

"उद्यापण नाय. तुमच्या मापाची हाय ना? मग तुमीच शिवा."

त्याने शिवायचा प्रयत्न केला. सुई तळहातात घुसली, टाके वेडेवाकडे पडले आणि पाण्यात उतरताच होडी बुडापासून भरायला लागली. मग त्याने बाजारातल्या ताडपत्रीवाल्याकडून ठिगळ लावून घेतलं. तेही पहिल्याच ताणाला उसवलं. शमीम हे सगळं स्वयंपाकघरातून बघत होती. त्याने येऊन बाजूला बसावं, खाडीत काय दिसतं ते नुसतं सांगावं, एवढ्यावरही तिने सुई उचलली असती. पण तो आला नाही. आणि आपणहून जाणं तिच्या जिवावर आलं. इतक्या वर्षांत तेवढं एकच तिने कधी केलं नव्हतं.

एप्रिलमध्ये दोह्याहून फोन आला. जुन्या जागेवर माणूस हवा होता, निदान वर्षभर तरी. इद्रीसने तिला विचारलं, जाऊ का. जायचं असेल तर जा, असं ती म्हणाली. राहा असं तिने म्हटलं असतं तर तो राहिला असता की नाही, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. नेहमीसारखी बॅग तिनेच भरली. तन्वीरने होडी उचलून मागच्या खोपीत लाकडांवर नेऊन ठेवली.

आता दर जुम्म्याला त्याचा फोन येतो. तो विहिरीला पाणी किती आहे ते विचारतो, ती इकराला दिवस गेल्याचं सांगते. जेवलीस का, असं तो विचारतो. खोलीत नवीन आलेला एक पोरगा कसा घोरतो त्याची नक्कल करून दाखवतो आणि शमीम खळखळून हसते. तासतासभर बोलणं चालतं. फोन ठेवला की, घरात असताना तो असा कधी बोलत बसला नाही हे आठवून, आपण हसलो याचा तिला राग येतो. ती उठते आणि कामाला लागते.