आगीच्या दुपारी मी फिरलो

मित्रांनो, मी बिडाचे एक जुने, अवजड चाक आहे. मुंबईच्या एका कारखान्यात मला ओतले, आगगाडीने शेगावला आणले आणि तिथून बैलगाडीत घालून वरवट बकालच्या जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, पोहोचवले. तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चाले आणि शिवारभर कापूस पांढरा फुललेला असे. तेलावर चालणाऱ्या इंजिनाला मला जोडले. माझ्यावरून दोन पट्टे जात. एक सरकी काढणाऱ्या रेच्यांकडे, दुसरा विहिरीवरच्या पंपाकडे; तो मात्र लागेल तेव्हाच चढवत.

इंजिनवाला इंद्रभान मला रोज तेल पाजी. मी फिरू लागलो की साऱ्या जिनात धडधड भरे. काय रुबाब होता माझा!

एका दुपारी जेवणासाठी इंजिन नुकतेच थांबले होते. एवढ्यात ओरडा उठला, "आग! आग लागली!"

रेचेघराच्या दारातच कापसाची गंजी पेटली होती. आत शालूबाई आणि आणखी काही बाया भाकर खात बसल्या होत्या. बाहेर पडायला दुसरे दार नव्हते.

शालूबाईची थोरली जाऊ तानुबाई धावत इंजिनघरात आली. "इंद्रभानभाऊ, माही जाऊ आत हाय! पंप चालू करा!"

इंद्रभानने हँडल मारले, पण घाईत ते मोडले. दोन गडी माझ्या आऱ्यांना आसाजवळ धरून लोंबकळले. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. मी मात्र तसूभरही हललो नाही! हलणार तरी कसा? आसाजवळ लावलेला जोर फारसा वळवू शकत नाही. त्यात रेच्यांचा पट्टा मला अडवून धरत होता. गडी जेवढे पुढे वळवत, तेवढे सगळे तो पट्टाच खाऊन टाकी. माझ्या वाट्याला काही उरतच नव्हते.

"आसापाशी काय झोंबून राह्यले बे!" इंद्रभान ओरडला. "काठाले धरा, काठाले! आन् रेच्याचा पट्टा काढा आधी!"

पट्टा सुटला. तानुबाईने मोटेचा नाडा, तो लांब जाड दोर, ओढत आणला. इंद्रभानने तो माझ्या काठावर गुंडाळला. गडी, बाया, सगळ्यांनी त्याचे टोक धरले.

"ओढा वं बायाहो, ओढा!"

आणि मित्रांनो, मी हललो! आता वळवणारा जोर अडवणाऱ्यापेक्षा जास्त होता आणि ती शिल्लक सगळी माझी होती. आधी मुंगीच्या चालीने, मग गाईच्या, मग पळत्या खोंडाच्या! ते ओढत राहिले तोवर माझा वेग क्षणाक्षणाला वाढत गेला. नाडा संपून सुटला, तेव्हा मी एकटाच होतो. इंजिनात दाबलेली हवा मला मागे रेटू लागली. माझा वेग मंदावला. पण माझे वजन सगळे काठावर! असे चाक सुरू व्हायला जड, तसेच थांबायलाही जड. मी तो रेटा ओलांडला आणि... फट्! फट् फट्! इंजिन पेटले!

पंपाचा पट्टा चढला. त्याच्या ओझ्याने मी जरा दबलो. मग इंजिनाचा जोर आणि पंपाची ओढ बरोबरीला आली, आणि मी एका लयीत फिरत राहिलो. नळीतून पाण्याचा लोट गंजीवर कोसळला. धूर, वाफ, आरडाओरडा! आणि त्या धुरातून खोकत, पदर जळालेली शालूबाई बाहेर आली. तिच्यामागून बाकीच्याही आल्या.

तानुबाईने तिला घट्ट मिठी मारली. दोघी रडत होत्या, हसत होत्या. संध्याकाळी त्या दोघींनी येऊन मला हळदकुंकू लावले. बिडाच्या चाकाला, मित्रांनो!

पुढे जिन बंद पडले. इंजिन विकले गेले. मी बाभळीखाली पडून आहे. आस गंजून जाम झाला आहे. पोरे मला फिरवायला येतात, दमतात आणि निघून जातात. त्यांचा सगळा जोर गंज गिळतो.

म्हणून सांगतो, तुमच्या घरी शिलाईची मशीन असेल, विहिरीवर रहाट असेल, त्याला वेळेवर तेल द्या. कधी कुणाला वाचवायला धावाल, तेव्हा तुमच्या हातांतली ताकद चाकाला मिळू द्या, गंजाला नको.