हवेत राहिलेली हातोडी

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल होतं. त्या वर्षी विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात एक नवा विषय सुरू झाला, 'जाणिवेच्या बदललेल्या अवस्था'. नावातच एवढं गूढ होतं की पहिल्या दिवशी वर्गात उभं राहायला जागा नव्हती. कुणाला वाटलं, इथे भुतंखेतं बोलावतात. कुणाला वाटलं, या विषयाला पेपरात झोपलं तरी चालत असेल. मग मॅडम आल्या, त्यांनी फळ्यावर मेंदूच्या लहरींच्या वाकड्यातिकड्या रेघा काढल्या आणि आठवड्याभरात अर्धी बाकं रिकामी झाली.

उरलेल्यांत तोफ होती.

तोफ हे काही तिचं बारशाचं नाव नव्हे. शेजाऱ्यांनी दिलेलं. तिनं न्हाणीघरातून "आई, टॉवेल!" अशी हाक मारली की शेजारची बाईसुद्धा टॉवेल घेऊन उठायची. हा आवाज बापाकडून आलेला होता. बाबा लिलाव पुकारत. जुन्या बाजारामागे त्यांचं लिलावघर होतं. बंद पडलेल्या हॉटेलांच्या खुर्च्या, कुणाचे पियानो, कुणाची कपाटं, चालणारी आणि न चालणारी घड्याळं असा सगळा माल तिथे येई. बाबा उंच स्टुलावर उभे राहून बोली चढवत आणि शेवटी हातातली लाकडी हातोडी उगारून पुकारत, "एक वार… दोन वार… तीन वार!" हातोडी टेबलावर पडली की सौदा पक्का. मग देव खाली आला तरी फिरायचा नाही.

बाबांना एकच मूल, आणि त्या मुलीला असा गळा. त्यांच्या लेखी पुढचं सगळं ठरल्यातच जमा होतं. पण तोफेला पदवीनंतर अजून दोन वर्षं शिकायचं होतं. एकदा जेवताना तिनं तो विषय काढला.

"दोन वर्षं? आणि शिकून काय करणार?" बाबांनी विचारलं.

"माणसाचं मन कसं चालतं ते बघणार."

"ते कशाला बघायचं? चालतंय ना? बंद पडलं की बघू."

शेजारी बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या बसली होती. तिला मधे पडल्याशिवाय घास उतरत नसे. "अरे, ती तिथे माणसांना गुंगवते म्हणे. नुसतं बोलून."

"हिच्या आवाजानं?" बाबा हसून हसून लाल झाले. मग घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "ठीक आहे. परीक्षेत प्रात्यक्षिक आहे ना तुझं? तिथे मी येऊन बसतो. मला गुंगवून दाखव. जमलं, तर हवं तितकं शिक, मी हूं की चूं करणार नाही. नाही जमलं, तर निकाल लागायच्या आत स्टुलावर चढायचं."

"कबूल," तोफ म्हणाली. बाबा शब्दाचे पक्के होते, अडचण तीच होती.

प्रात्यक्षिक होतं संमोहनाचं. प्रत्येकानं बाहेरून एक माणूस आणायचा, त्याला 'प्रयुक्त' म्हणायचं, त्याला मॅडमनी दिलेला मजकूर मऊ आवाजात वाचून दाखवायचा, आणि तो त्या अवस्थेत गेला की नाही हे हाताच्या चाचणीनं दाखवायचं. हात वर उचलायला सांगायचा. गेलेला असेल तर हात आपसूक तरंगत राहतो, दुखत नाही.

तोफेनं आधी आत्यावर हात साफ करायचं ठरवलं. आत्या आरामखुर्चीत बसली, तोफेनं पहिलं वाक्य वाचलं, आणि दुसऱ्या वाक्याला आत्या घोरू लागली. तोफ धावत मॅडमकडे गेली. मॅडम हसल्या. "अगं, ती झोप झाली. झोपलेल्याला काही ऐकू येत नाही. आपल्याला हवा तो माणूस ऐकत असतो, फक्त आपलं एकट्याचंच ऐकत असतो. आणि एक लक्षात ठेव, मनाविरुद्ध कुणालाही नेता येत नाही. कडी आतून असते. काढायची तर त्यानंच."

म्हणजे संपलंच की! बाबा आतून कडी लावून, वर कपाट सरकवून बसणाऱ्यांतले.

वर्गात तिचा एक जोडीदार होता. जाड भिंगांचा चष्मा, म्हणून सगळे त्याला ढापण म्हणत. त्याचा आवाज असा लोण्यासारखा की समोरचा माणूस पाच वाक्यांत गार. गंमत अशी की सहाव्या वाक्याला ढापण स्वतःच गार व्हायचा, आणि मॅडमना दोघांनाही परत आणावं लागायचं. त्यानं तोफेला कुजबुजायला शिकवून पाहिलं. तिची कुजबुज जिन्यापर्यंत ऐकू गेली.

तरी एका रविवारी तिनं धीर करून बाबांना खुर्चीत बसवलंच.

"तुम्ही एका शांत तळ्याकाठी बसला आहात…"

"तळं कुणाचं?"

"कुणाचं नाही हो, बाबा! नुसतं तळं आहे."

"बिनमालकाच्या मालाला मी हात लावत नाही. पुढे?"

"पाण्यावर एक छोटीशी नाव डोलते आहे…"

"तळाला भोक आहे का बघितलंस?"

स्वयंपाकघरात आईचं हसू फुटलं. तोफेनं कागद खाली ठेवला, आणि त्या दिवशी तिला प्रथमच डोळ्यांपुढे ते स्टूल स्पष्ट दिसलं.

पुढच्याच आठवड्यात बाबा डबा विसरून गेले आणि आईनं तो तिच्या हाती दिला. मैत्रिणींनी बघू नये म्हणून तोफ कॉलेजात गेल्यापासून लिलावघराकडे फिरकली नव्हती. ती मागच्या दारानं शिरली आणि खांबाआड उभी राहिली. एका उंच घड्याळाची बोली चालली होती. बाबांची मान किंचित पुढे, डोळे लख्ख. तेवढ्यात हमालाच्या हातून पलंगाचा खूर निसटला आणि थेट बाबांच्या पायावर आपटला. बाबांच्या चेहऱ्यावर मात्र रेघ हलली नाही. बोली चढतच राहिली. घड्याळ गेलं, हातोडी पडली, बाबा स्टुलावरून उतरले आणि एकदम ओरडले, "आई गं! हे कुणी टाकलं माझ्या पायावर?"

"मघाशीच पडलं ना, साहेब," हमाल म्हणाला.

तोफ डबा हातात घेऊन तशीच उभी राहिली. मॅडमनी शिकवलं होतं की लक्ष एका ठिकाणी पुरतं गोळा झालं की बाकीचं जग मागे सरतं, दुखणंसुद्धा. तिनं ते पाठही केलं होतं. आणि बाबा तर तिथे रोज जाऊन येत होते. आपण त्यांना उगाच तळ्याकाठी ओढत होतो.

परीक्षेच्या दिवशी बाबा इस्त्रीचा कोट घालून आले. प्रयोगशाळेत पडदे ओढलेले, भिंतीवरचं घड्याळ टिकटिक नको म्हणून बंद केलेलं, मध्ये एक खोल खुर्ची. बाहेरचे परीक्षक आले होते, टक्कल पडलेले, कडक आणि सर्दीनं बेजार. आई आणि आत्या दाराशी बाकावर होत्या. ढापण नोंदी घ्यायला कोपऱ्यात.

तोफेनं छापील मजकूर टेबलावर पालथा ठेवला. मॅडमच्या भुवया वर गेल्या.

"बाबा, डोळे मिटा."

"मिटतो. पण आधीच सांगून ठेवतो, मी जागा आहे."

"जागेच राहा. मालावर नजर ठेवायची आहे."

"कसला माल?"

"बघा ना तुम्हीच. कपाट आहे. जुनं. हात फिरवून बघा."

बाबांची बोटं खुर्चीच्या हातावरून हळूच फिरली. "शिसवी आहे," ते पुटपुटले. कडी निघाली होती.

मग तोफेनं आवाज दाबायचा सोडून दिला. तिनं बाबांचीच लय धरली, फक्त संथ. "हॉल भरलाय. सगळे तुमच्याकडे बघताहेत." परीक्षक खोकले. "मागे कुणी खोकतंय. खोकू दे, तो काही घेणाऱ्यातला नाही." बाबांच्या ओठांवर हसू आलं आणि तिथंच राहिलं. "बोली चढते आहे… एकेक जण मान हलवून मागे सरतोय… हॉल शांत होतोय… आता दोघंच उरलेत… आता एकच. उचला हातोडी."

बाबांचा उजवा हात रिकामी मूठ वळून वर गेला.

"एक वार…" तोफ म्हणाली. "दोन वार…"

आणि थांबली. ठरवून नव्हे. बाबांचा चेहरा एवढा निवांत तिनं जन्मात पाहिला नव्हता, आणि तो बघता बघता पुढचे शब्दच ती विसरली.

हात वरच राहिला. परीक्षक जोरात शिंकले. हात हलला नाही. खिडकीची झडप धाडकन आपटली. हात हलला नाही. परीक्षक उठून खुर्चीभोवती फिरले, रुमाल हलवला, मनगटाला हलका चिमटासुद्धा काढून पाहिला. शेवटी दारातून आत्याला राहवेना. "अरे, खांदा भरून येईल तुझा! घे की खाली तो हात!"

थोरल्या बहिणीच्या हाकेला ओ दिली नाही असं बाबांच्या उभ्या आयुष्यात झालं नव्हतं. आज झालं.

"आता परत आण त्यांना," मॅडम हलकेच म्हणाल्या.

तोफ भानावर आली. तिनं छाती भरून श्वास घेतला. "तीन वार!"

खिडकीच्या काचा थरथरल्या. बाबांची मूठ खुर्चीच्या हातावर ठक्कन पडली. कोपऱ्यात ढापण दचकून जागा झाला, कारण मघाशी तोही गेला होता. बाबांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणाला गेलं?"

सगळे हसत सुटले. बाबांना हसण्याचं कारण कळेना. "हसायला काय झालं? मी जागा होतो. सगळं ऐकत होतो."

"मग हात का नाही खाली घेतला?" परीक्षकांनी विचारलं.

"तीन वार झालं नव्हतं ना! दोनवरच हात खाली घ्यायला मी काय भामटा वाटलो तुम्हाला?"

परीक्षक मॅडमकडे वळले. "आता याला संमोहन म्हणायचं की धंद्यातलं इमान?"

मॅडम काही बोलणार तोच आत्या आत आली. "सगळं ऐकत होतास ना? मग मी काय ओरडले ते सांग."

"तू कधी ओरडलीस?" बाबा म्हणाले.

बाबांनी बहिणीकडे पाहिलं, मग आपल्या मनगटाकडे, तिथे चिमट्याचा लाल डाग होता. त्यांनी तो अंगठ्यानं चोळला.

घरी जाताना आई आणि आत्या पुढे चालत होत्या. बाबा तोफेच्या बरोबरीनं मागे होते. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, "कपाट कुणाला गेलं ते सांगितलं नाहीस."

"मला," तोफ म्हणाली.

"हं." अजून चार पावलं गेली. "स्वस्तात नेलंस. पण हातोडी पडली, आता सौदा फिरायचा नाही."

तोफ हवं तितकं शिकली आणि पुढे त्याच विभागात शिकवू लागली. तळ्याचा मजकूर तिनं विद्यार्थ्यांना कधी दिला नाही. "आधी जाऊन बघा, तुमचा माणूस रोज कुठे हरवतो," एवढंच सांगायची. शेजारच्या वर्गातली मुलंही तिचं व्याख्यान ऐकून पास होत असत.

स्टुलावर कोण चढलं? आई! बाबांचा घसा बसला तेव्हा एका दिवसापुरती म्हणून चढली आणि उतरलीच नाही. तिचा आवाज इतका हळू की घेणारे कान देऊन पुढे सरकत, आणि पुढे सरकलेला माणूस बोली लावल्याशिवाय मागे जात नाही. आत्याची कीर्ती विभागात पसरली. झोपेवरच्या प्रयोगांना मॅडम तिलाच बोलवत. तिच्या गाढ झोपेच्या लहरींची लांबलचक पट्टी चौकट करून जिन्यात लावली होती, आणि आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला ती आपला फोटो असल्यासारखी दाखवायची. ढापण रेडिओवर बातम्या वाचू लागला. त्याच्या बातम्यांनी झोप छान लागते, असं लोक त्याला पत्रांतून कळवत. मॅडम निवृत्त झाल्यावर समुद्राकाठी राहायला गेल्या. शेवटी शेवटी त्या माणसांची नावं विसरल्या, पण तोफेचा आवाज जिन्यात ऐकला की म्हणत, "कपाट आलं!"

बाबा मात्र अखेरपर्यंत म्हणत राहिले की मी जागाच होतो. शेवटच्या आजारात त्यांना दुखायचं फार. तेव्हा तोफ उशाशी बसे आणि म्हणे, "बाबा, मालावर नजर ठेवायची आहे." ते डोळे मिटत. ती हॉल भरवी, बोली चढवी, एकेकाला मागे सारी, आणि "दोन वार"पर्यंत येऊन थांबे. तिसरा आकडा ती घेत नसे. मूठ अर्धवट उचललेली, चेहरा निवांत, असे बाबा तासन् तास पडून राहत.

ती हातोडी तोफेकडे आली. तिची नातवंडं आता त्या हातोडीनं अक्रोड फोडतात. फोडण्याआधी काय म्हणायचं, ते त्यांना पक्कं ठाऊक आहे.