पाठ करून बसलेली मुलगी

“ऊठ! अगं, ऊठ म्हणतोय ना! कुणाच्या बापाचं खाल्लंयस का तू?”

लिफ्टवाला कराटेच्या मॅटच्या मधोमध उभा होता, बुटांसकट. हॉलमधली दोनशे माणसं माना उंचावून बघायला लागली. त्याची लेक मुंगी, वय वर्षं अकरा, कमरेला निळा पट्टा, सगळ्यांकडे पाठ करून, गुडघे मोडून भिंतीकडे तोंड करून बसली होती. मॅटच्या दुसऱ्या टोकाला लाल पट्ट्याची मुलगी तोंडावर हात धरून वाकली होती आणि पंच, डॉक्टर, आणखी कोण कोण तिच्याभोवती जमले होते. मुंगीचा ठोसा तिच्या ओठावर बसला होता. चुकून बसला, पण चांगलाच बसला.

“लागलं तर लागलं! खेळ आहे ना हा? म्हणून माझ्या पोरीला असं बसवायचं, एवढ्या माणसांसमोर? आणि हिला कुठं काय झालंय? नाटकं नुसती!”

हे शेवटचं तो लाल पट्ट्याच्या मुलीकडे बोट करून म्हणाला. नेमका तेव्हाच तिने हात बाजूला केला आणि हनुवटीवरून रक्ताचा ओघळ तिच्या पांढऱ्या पोशाखावर उतरला. लिफ्टवाल्याने तो पाहिला, पण तोवर तो इतका तापला होता की मागे फिरणं त्याला जमेना. त्याने मुंगीचं मनगट धरून ओढलं. ती उठली नाही. अंग चोरून घट्ट बसून राहिली. मान न वळवता हळूच म्हणाली,

“बाबा, ही शिक्षा नाहीये. तुम्ही जा ना.”

या माणसाने उभ्या आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता असं सांगितलं, तर त्या दोनशेतल्या एकालाही ते पटलं नसतं. पण खरं तेच होतं. एकवीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता आणि या धंद्यात गिऱ्हाईक भेटतं ते तापलेलंच. लिफ्ट चालू असते तेव्हा लिफ्टवाल्याची आठवण कुणालाही येत नाही. बंद पडली की सात मजले चढून घामाघूम झालेली माणसं त्याच्यावर तुटून पडतात. तो आपला मान खाली घालून पिशवीतले पाने-पक्कड काढायचा. “हो साहेब. बघतो साहेब.” घरी बायको चिडवायची, “अहो, तुमच्या तोंडात जीभ आहे ना, की माझाच काही गैरसमज आहे?” तो हसायचा आणि जेवायला बसायचा.

महिन्यापूर्वी मुंगीची शाळा लवकर सुटली म्हणून तो तिला कामावर बरोबर घेऊन गेला होता. एका इमारतीत लिफ्टच्या दाराचा सेन्सर दुसऱ्यांदा बिघडला होता. तिथल्या सेक्रेटरीने त्याला खाली पार्किंगमध्येच गाठला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर फैलावर घेतला. “तिकडे तोंड करा हो, मला तुमचं तोंडसुद्धा बघायचं नाही,” असंही म्हणाला. आणि लिफ्टवाला खरोखरच भिंतीकडे वळला. मुंगी हत्यारांच्या पिशवीवर बसून हे सगळं पाहत होती. त्या दिवसापासून त्याच्या मनात एकच गोष्ट ठाण मांडून बसली. आपलं काय व्हायचं ते होवो, पण लेकीला कुणी असं भिंतीकडे वळवलं तर आपण ऐकून घ्यायचं नाही.

तर आज त्याने ऐकून घेतलं नव्हतं.

मुंगीला कराटे शिकवणाऱ्या मॅडम अनवाणी मॅटवर आल्या. ठेंगण्या, केस पिकलेल्या बाई. आवाज इतका खालचा की लिफ्टवाल्याला त्यांचं बोलणं ऐकण्यासाठी स्वतःचं तोंड मिटावं लागलं.

“तिला कुणी बसवलेलं नाही. ती आपण होऊन बसलीये. समोरच्याला लागलं की त्याचं दुखणं बघत उभं राहायचं नाही, पाठ करून शांत बसायचं. समोरच्याचा मान असतो तो. पालकांच्या सभेत सांगितलं होतं मी.”

सभेला तो गेलाच नव्हता. त्या दिवशी कुठलीशी लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. नियमांचा छापील कागद घरी आला होता, त्यावर त्याने ग्रीसच्या हातानेच न वाचता सही ठोकून दिली होती.

“चला, खाली चला आता,” मॅडम म्हणाल्या. मग त्याच्या पायांकडे बघून म्हणाल्या, “सांभाळून.”

पालक मॅटवर आला की सामना गेला, असाही एक नियम त्या कागदावर होता. पंचांनी लाल पट्ट्याच्या मुलीचा हात वर केला. तिने दुसऱ्या हाताने ओठावर बर्फ धरला होता. दोघी मुली समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना वाकल्या. त्यानंतर मुंगी कोपऱ्यात गेली, ओलं फडकं घेऊन आली आणि मॅटवरचे बापाच्या बुटांचे काळे ठसे पुसायला बसली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. लिफ्टवाला दारात उभा राहून बघत होता. ‘दे इकडे, मी पुसतो’ एवढंच म्हणायचं होतं, पण आत्ताआत्तापर्यंत तोफेसारखी चाललेली जीभ आता रेटेना. ग्रीसचा डाग ओल्या फडक्याने निघत नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? मुंगी घासत राहिली. पुढच्या सामन्याच्या मुली कडेला थांबून राहिल्या. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात ते काय, हे त्याला त्या दिवशी कळलं.

घरी परतताना सिग्नलला त्याने स्कूटर थांबवली आणि मागे न बघता म्हणाला, “मुंगे, तुझा सामना माझ्यामुळे गेला.”

“सामन्याचं काही नाही.”

“मला वाटलं, तुला त्यांनी...”

“माहितीये मला, काय वाटलं ते.” ती म्हणाली, “पण बाबा, ती रडत होती. आणि तुम्ही तिला नाटकं म्हणालात.”

सिग्नल सुटला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला.

“पुढच्या वेळी आईला रजा घ्यायला सांगेन मी,” मुंगी म्हणाली. “तुम्ही नका येऊ.”

चिडून म्हणाली असती तर त्याने काहीतरी समजूत घातली असती. पण ती अगदी शांतपणे, त्याला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाली होती, आणि त्यामुळेच ते त्याच्या काळजाला जास्त लागलं.

त्या संध्याकाळी त्याने मॅडमना फोन करून लाल पट्ट्याच्या मुलीचा पत्ता मागितला. माफी मागायची आहे म्हणाला.

“मुंगीला दाखवायला जाणार असाल तर जाऊ नका,” मॅडम म्हणाल्या.

“तिला सांगणारसुद्धा नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन कामांच्या मध्ये, तो त्या पत्त्यावर गेला. मुलीच्या आईचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि मागे घर. बोलायची दोन वाक्यं त्याने सकाळपासून लिफ्टच्या पोकळीत उभा राहून घोकली होती. बाई चार शब्द सुनावतील याची त्याची तयारी होती. त्या बाबतीत त्याचा अनुभव दांडगा होता.

बाईंनी मशिनवरून मान वर केली आणि त्याला ओळखलं.

“अगोबाई, तुम्ही? आधी बसा बघू. ते स्टूल घ्या. आता बरं वाटतंय ना?”

“मला?”

“तुमची लेक येऊन गेली की सकाळी, शाळेच्या आधी. मॅडमना पत्ता विचारून, सायकलवर. इथे दारात वाकून माफी मागितली हो तिने. म्हणाली, बाबांना शुगर आहे, ती एकदम उतरली की त्यांना भान राहत नाही, काय बोलतात ते त्यांचं त्यांनाच कळत नाही. डोळे भरून आले होते पोरीचे. मी म्हटलं, अगं वेडे, आजारी माणसावर कोण रागावतं?” त्यांनी गल्ल्यामागून डबा काढून त्याच्यापुढे धरला. “दोन बिस्किटं खा. असं रिकाम्या पोटी हिंडत जाऊ नका.”

लिफ्टवाल्याला शुगर नव्हती. कसलंही दुखणं नव्हतं. त्याने डब्यातलं एक बिस्कीट उचललं आणि तो ते नुसतं हातात धरून बसला. मुंगी खोटं बोलत नसे. लहानपणी कप फोडला तरी स्वतः येऊन सांगायची. हे खोटं जुळवायला तिला रात्रभर जागावं लागलं असेल. शुद्धीत असं वागणाऱ्या बापापेक्षा आजारी बाप तिला बरा वाटला होता.

बिस्कीट खाल्लं असतं तर सगळं मिटलं असतं. बाईंनी कधीच माफ केलं होतं. खरं बोललं तर लेक खोटारडी ठरणार होती. त्याने बिस्कीट परत डब्यात ठेवलं.

“बाई, मला शुगर नाही.”

“म्हणजे?”

“मला काही झालं नव्हतं. ठणठणीत होतो मी. तुमच्या मुलीला नाटकं म्हणालो तेव्हा चांगला शुद्धीत होतो. आमची पोरगी मला सांभाळून घेतेय. तिला लबाड समजू नका. बापाची लाज वाटली तिला, म्हणून बोलली.”

मशिनमधून कागद बाहेर पडत होते. बाईंनी डब्याला झाकण लावलं आणि तो होता तिथे ठेवून दिला.

“मग मला काय सांगताय? तिला सांगा,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी आत हाक मारली.

मुलगी पडदा सारून बाहेर आली. ओठ सुजून एका बाजूला गेला होता, त्यावर दोन टाके होते. लिफ्टवाला उठून उभा राहिला. घोकलेली वाक्यं कुठच्या कुठे पळाली होती.

“बाळ, तुला खरंच लागलं होतं,” तो म्हणाला. “आणि मी सगळ्यांसमोर तुला नाटकं म्हणालो. माझं चुकलं.”

टाक्यांमुळे तिला बोलता येत नव्हतं. तिने आईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. टाचा जुळवल्या, हात सरळ ठेवले आणि काल मुंगीला वाकली होती तशीच त्यालाही वाकली.

त्याने आपले काळे हात पँटीला पुसले आणि तोही वाकला. किती वेळ वाकायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. मुलगी केव्हाच सरळ झाली होती. एक गिऱ्हाईक आलं, झेरॉक्स काढून घेऊन गेलं, तरी तो वाकलेलाच होता.