सकाळी नऊ एकवीसची ऑर्डर

शिवाजी पेठेत, तालमीच्या समोरच्या गल्लीत, शिवमूर्तीआण्णांचं शेअरचं ऑफिस आहे. ऑफिस कसलं, दोन कॉम्प्युटर, एक काउंटर आणि मुंबईच्या ब्रोकरची पाटी. आण्णा मूळचे शिरोळकडचे, साठीला टेकलेले, आणि नव्या गोष्टीचा त्यांना उपजत राग. बाजारात ऑर्डरचा नवा प्रकार आला की ते दोन दिवस सगळ्या जगावर चिडायचे आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं शिकायचे. यंदा मात्र हद्द झाली. ऑर्डरी इतक्या तऱ्हेच्या निघाल्या, काही तर वर्ष वर्ष भावाची वाट बघत पडून राहणाऱ्या, की जुन्या फाइलींत त्या मावेनात. म्हणून सॉफ्टवेअर कंपनीनं फाइलींचा साचाच बदलला आणि मागच्या दहा वर्षांच्या नोंदी नव्या साच्यात घालून पाठवल्या. सोबत निरोप होता, की जुन्या कागदांशी चार-दोन दिवस ताडून बघा आणि बरोबर असल्याचं कळवा.

"म्हंजे काम त्यांनी करायचं आन तपासायचं आमी," आण्णा स्वतःशीच पुटपुटले आणि चष्मा शोधायला लागले.

ताडून बघायला जुना कागद हवा. आण्णांनी सगळे कागद केव्हाच रद्दीत घातले होते. एकच तेवढा खणात जपून ठेवला होता, आठ फेब्रुवारी दोन हजार सतराचा. तो पूर्णिमाविरुद्धचा पुरावा होता.

पूर्णिमा त्यांच्याकडे पाच वर्षं काउंटरवर होती. गुळाच्या अडतीतल्या तोलाराची मुलगी. पाच वर्षांत तिच्या हातून एक आकडा इकडचा तिकडे झाला नव्हता. त्या दिवशी पहाटे पेठेतल्या सयाजीरावांचे थोरले भाऊ वारले. आण्णा आठ वाजल्यापासून त्यांच्या दारात बसून होते, ऑफिसात पूर्णिमा एकटी. साडेअकराच्या सुमाराला पंचगंगेवर अग्नी दिला आणि अकरा बेचाळीसला सयाजीरावांच्या खात्यातले शेअर विकले गेले. रक्षाविसर्जनाच्या दिवशी पुतण्याच्या हाती काकांचा मोबाईल पडला. त्यानं विक्रीचा मेसेज वाचला आणि भरल्या घरात विचारलं, "काका, मयताच्या दिवशी शेअर कुणी इकलं?"

"मी न्हाय," सयाजीराव म्हणाले. "मी घाटावर हुतो की."

खरंच होते. अख्खी पेठ साक्षीला होती. संध्याकाळी पुतणे आणि तालमीतली चार माणसं ऑफिसात येऊन उभी राहिली. पूर्णिमा हळू आवाजात एवढंच म्हणाली, "ते सकाळी आलते. भाव पडला तर काढून टाक म्हणाले, म्हणून मी स्टॉप लॉस लावून ठेवला." म्हणजे भाव अमुक आकड्याखाली आला की आपोआप विकलं जावं, अशी आधीच देऊन ठेवलेली ऑर्डर. आण्णांनी त्या दिवसाचा कागद छापून काढला. त्यावर ऑर्डरची एकच वेळ होती, अकरा बेचाळीस. ऑर्डर कुठल्या जातीची ते सांगणारा कॉलमच तेव्हा नव्हता. तो साचा ऑर्डर जागी झाल्याची वेळ लिहितो, दिल्याची नव्हे, हे आण्णांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कुणाला विचारलंही नाही.

"भावाचं मयत दारात असताना माणूस शेअर इकायला येतोय व्हय गं?" ते गरजले होते. "मी सकाळी आठपासनं त्येच्या शेजारी बसलोतो!"

तिचे वडील धावत आले. कानानं अधू माणूस, हाताचा द्रोण करून कानाशी धरायचा. आण्णांनी तेच त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. पूर्णिमानं पुन्हा आपलं तेच, तितक्याच हळू सांगितलं. तिचं त्यांना किती ऐकू गेलं देव जाणे. त्यांनी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि हात जोडले. "पोर चुकली. पदरात घ्या."

आण्णांनी पदरात घेतलं, म्हणजे पोलिसात दिलं नाही, नुसतं कामावरून काढलं. चार दिवसांत पेठभर झालं. महिन्याभरात बापलेक घर सोडून जयसिंगपूरला गेले. आपण केवढ्या मोठ्या मनाचे, असं त्या वेळी आण्णांना वाटलं होतं.

आता आठ वर्षांनी ती ओळ त्यांनी नव्या फाइलीत शोधली. ऑर्डर नंबर तोच होता. पुढे नवे कॉलम होते. प्रकार : स्टॉप लॉस. ऑर्डर दिली : नऊ एकवीस. ऑर्डर जागी झाली : अकरा बेचाळीस.

आण्णांनी कंपनीला फोन लावला. "हे नऊ एकवीस कुठनं आलं?"

"सर, मूळ नोंदीत होतंच ते," पलीकडची मुलगी म्हणाली. "जुन्या फॉरमॅटमध्ये दाखवायला जागा नव्हती."

आण्णांनी फोन ठेवला. आणि आठ वर्षांत एकदाही न आठवलेली गोष्ट नेमकी आता आठवली. त्या सकाळी सयाजीराव मधेच उठले होते. "तालमीत सांगून येतो" म्हणून गेले होते आणि दहा मिनिटांनी परतले होते. तालमीची वाट या काउंटरवरूनच जाते.

सयाजीराव तालमीच्या कट्ट्यावरच होते. आण्णांनी नव्या नोंदीचा छापलेला कागद पुढं धरला. त्यांनी तो लांब धरून, जवळ धरून वाचला.

"आलतो," शेवटी ते म्हणाले. "दोन मिन्टं थांबलो. भाऊ घरात झाकून ठेवल्याला आन मी भावाचं बोलतोय, शेअरच्या. सगळ्या पावण्यांत पोरानं इच्यारलं, शिवमूर्ती. काय तोंडानं व्हय म्हणू? म्हटलं, चार दिवसांत इसरतील."

"पोरीला न्हाई इसरलं कोण."

सयाजीराव कट्ट्याची कड बोटानं खरवडत राहिले.

"चला माज्यासंगं जयसिंगपूरला."

"मला न्हाय जमायचं," ते म्हणाले आणि कागद परत दिला.

आण्णांना त्यांची चीड आली आणि ती टिकली नाही. सयाजीराव लाजेपोटी खोटं बोलले होते. आपण तर कुणी न विचारता साक्ष दिली होती, तीही छाती ठोकून. एसटीत बसल्यावर हातकणंगले मागे पडेपर्यंत ते वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळलं नाही.

पूर्णिमा आता तिथल्या एका शाळेच्या ऑफिसात कारकून होती. भाड्याच्या दोन खोल्या. कानांजवळचे केस पांढरे झालेले. दारात आण्णांना बघून ती क्षणभर थबकली, मग म्हणाली, "या आण्णा, बसा," आणि पाण्याचा तांब्या आणला. भिंतीवर तिच्या वडिलांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. आण्णांना ते गेल्याचं माहीत नव्हतं.

त्यांनी कागद दिला. तिनं उभ्यानंच वाचला.

"व्हय. नऊ एकवीस," ती म्हणाली. "मला पाठ हाय."

"मी चुकलो, पूर्णिमा." बाकी सगळी वाक्यं एसटीतच राहिली होती.

ती रागावली नाही. रागावली असती तर आण्णांना बरं वाटलं असतं.

"बाबांनी मला माफ केलंतं, आण्णा," ती म्हणाली. "कधी एका शब्दानं बोलले न्हाईत. उलट ताटात जास्तच वाढायचे. मी सांगायला लागले की पाठीवर हात ठिवायचे, 'असू दे बाळ, हुतंय,' म्हणायचे. कितीदा सांगितलं. असू दे, म्हणायचे. लोकांचं मी सोसलं. त्यांनी माफ केलेलं न्हाई सोसलं मला." ती फोटोकडे बघत होती. "गेल्या श्रावणात गेले. जाताना बी हात पाठीवरच हुता."

आण्णांचे डोळे भरून आले. आठ महिने. कंपनीला हा साचा आठ महिने आधी सुचला असता तर.

पूर्णिमानं कागद त्यांच्या हातात परत दिला. "तुमीच वाचा. त्यांच्यासमोर. तवा तुमचंच त्यांनी ऐकलंतं."

आण्णा उठले, फोटोसमोर उभे राहिले, चष्मा पुसला. त्यांनी तारीख वाचली, ऑर्डर नंबर वाचला, घशातल्या घशात.

"जरा मोठ्यानं, आण्णा," मागून ती म्हणाली. "त्यांना कमी ऐकू यायचं."

आण्णांनी पुन्हा सुरुवात केली. तारीख. ऑर्डर नंबर. खातं सयाजीरावांचं. प्रकार स्टॉप लॉस. "ऑर्डर दिली, सकाळी नऊ एकवीस!" त्यांचा आवाज फाटला. शेजारची बाई काय झालं म्हणून दारात आली आणि तिथंच उभी राहिली. "दिली पूर्णिमानं. सयाजीरावांनी सांगितली म्हणून दिली. पोर चुकली न्हाय."

हे शेवटचं कागदावर कुठल्याच कॉलमात नव्हतं.

पूर्णिमा भिंतीला टेकून खाली बसली होती. ओढणीचा बोळा तिनं तोंडात धरला होता. तो काढून ती म्हणाली, "आजून एकदा वाचा."

आण्णांनी डोळे पुसले आणि पहिल्या कॉलमपासून पुन्हा वाचायला घेतलं.