ऑर्व्हलनं न कापलेलं गवत

वाढलेलं गवत दिसलं की आमच्या ऑर्व्हलचे हात शिवशिवतात. दर मे महिन्यात, थडगी सजवायच्या दिवसाआधी, नवरोबा लांब दांड्याचा विळा घेऊन टेकडीवरच्या कबरस्तानात जातात आणि सगळं भुईसपाट करून येतात. मग अख्खा गाव जमतो, फुलं वाहतो आणि देवदाराखाली चादरी अंथरून जेवतो.

यंदा पावसानं ओढ्यावरचा पूलच नेला. जून उजाडला तरी कुणी टेकडी चढलं नाही. ऑर्व्हलची म्हातारी आत्या लिओटा घरात नुसती धुसफुसत होती. तिला एकच घोर. तिचे आईबाप बैलगाडीतून नेब्रास्कात आले आणि आई त्याच वर्षी गेली. आत्या तेव्हा रांगत होती. कबरीवरची लाकडी फळी पुढं वणव्यात जळाली, त्यामुळे आई नेमकी कुठं आहे ते कुणालाच ठाऊक नाही. आणि आता आत्याच्या दुखण्यापुढं डॉक्टरांनी हात टेकलेत.

"मला आईशेजारी पुरा," ती म्हणायची, "नाहीतर तुमच्या खुराड्यामागं पुरा, मला काय!"

"नको हो आत्या, कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतील," मी म्हणायची. मग ती हसायची.

पूल झाल्यावर तिला गाडीत घालून नेलं. फाटकातच ऑर्व्हल ओरडला, "बाप रे, केवढं माजलंय हे!" आणि त्यानं विळा उचलला.

"हात लावशील तर बघ!" आत्या कडाडली.

देवदाराखाली, कमरेएवढ्या गवतात, पिवळे गुलाब फुलले होते. अगदी तसलेच आत्याच्या दाराशी आहेत. तिच्या आईनं मिझुरीहून गुलाबाची फांदी बटाट्यात खोचून आणली होती. ती जगली, आणि बापानं तिचाच एक फुटवा आईच्या कबरीवर लावला. लग्न झाल्यापासून मी हे ऐकतेय. आणि माझा शहाणा दर वर्षी फुलायच्या आधीच तो छाटत होता!

ऑर्व्हलचं तोंड एवढंसं झालं. "आत्या, मला खरंच..."

आत्याचं लक्षच नव्हतं. ती माझ्याकडं वळली. "झेला, आपण इथंच जेवतो ना गं?"

"इथंच की. ह्याच जागेसाठी तर तुम्ही दरवर्षी सगळ्यांशी भांडता."

आत्या हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. "म्हणजे जन्मभर मी आईशेजारी बसून जेवले!"

मलाही आवरेना. ऑर्व्हलनं डोळे पुसले आणि आत्याच्या जागेची खूण करायला गाडीतून खुंट्या काढल्या. "कुठल्या बाजूला ठोकू, आत्या?"

"बसते तिथंच. पण आधी चादर अंथर. आम्हा मायलेकींना भूक लागलीय."