माझे सील शाबूत आहे

मित्रांनो, मी एक जुना मीटर आहे. कासाब्लांकातल्या बूशैबच्या लाल टॅक्सीत गेली एकोणीस वर्षे मी काचेखाली बसलो आहे. माझ्या पोटावर शहराने लावलेले शिशाचे सील आहे आणि ते एकदाही तुटलेले नाही. हे मी जरा छाती फुगवूनच सांगतो.

दुरुस्तीवाला लारबी दर वर्षी डोळा मारायचा. "बूशैब, याला जरासं जोरात पळवू का? भाडं वाढेल. सगळेच पळवतात."

"तू त्याची काच पूस आणि गप चहा पी."

मग फोनवरून गिऱ्हाईक देणारी कंपनी आली. भाडे फोनच सांगू लागला आणि बूशैबने माझ्यावर आपली टोपी टाकली. दोन वर्षे मी त्या घामट अंधारात काढली. फार वाईट वाटले.

कंपनी बूशैबला किलोमीटरवर पैसे देई. गाडी पूर्वीइतकीच पळायची, पण हाती येणारे पैसे कमी होऊ लागले. एका सकाळी त्याने टोपी उचलली आणि मला चालू केले. आठवडाभर मी आणि फोन बरोबरीने धावलो. शहराच्या ऐन सबा या भागापर्यंत माझे अकरा किलोमीटर भरले, फोनचे नऊच.

बूशैबने तक्रार केली आणि प्रकरण शहराच्या टॅक्सी कचेरीत गेले. कंपनीचा माणूस हसला. "हे डबडं आमच्या उपग्रहाला शिकवणार?"

अधिकारी निझाबाई मात्र हसल्या नाहीत. "सी बूशैब," त्या आपल्याकडच्या रीतीने आदराने म्हणाल्या, "मी मीटर तपासते. पण तो खोटा निघाला तर तुमचा परवाना जाईल. बघा बुवा."

त्या परवान्यावर घरातली पाच माणसे जेवत होती.

"तपासा, लल्ला," बूशैबनेही बाईंना मानाने हाक दिली. "हा माझ्यापेक्षा कमी खोटं बोलतो."

समुद्राकाठी मोजून आखलेला एक किलोमीटर आहे. बाईंनी आधी माझे सील निरखले, मग त्या पुढच्या सीटवर बसल्या. माझे वय झालेले, सराव सुटलेला. मी पार घाबरलो होतो. शेवटच्या खुणेवर गाडी थांबली. बाईंनी वाकून पाहिले. बरोबर एक किलोमीटर!

कंपनीला आमच्या टॅक्सी थांब्यावरच्या सगळ्याच चालकांचे कापलेले पैसे द्यावे लागले. लारबी म्हणाला, "बरं झालं माझं ऐकलं नाहीस."

"मग आज चहा तू पाज."

मित्रांनो, खरे मोजणाऱ्याला अडगळ समजू नका. अधूनमधून त्याची धूळ पुसा. बूशैब आजही फोनवरची गिऱ्हाइके घेतो. पण मी चालू असतो, आणि टोपी त्याच्या डोक्यावर असते.