गुणाबाईची पाठ

कमळाकर नानांची बायको गुणाबाई गेली, तेव्हा दहाव्याला कावळा शिवला नाही. नानांना बारा वाजता रजिस्ट्रार ऑफिसात पोचायचं होतं. त्यांनी पावणेबारापर्यंत वाट पाहिली आणि मग भटजींकडून दर्भाचा कावळा करवून पिंडाला टेकवला. शास्त्रात तशी सोय आहे, आणि शेतकऱ्याचा बिल्डर झाला की त्याला शास्त्रातली सोय आधी दिसते.

गुणाबाईची इच्छा काही गुपित नव्हती. "माजी राख आमच्या न्हावे गावच्या खाडीत सोडा, बापाच्या मिठागराकडं. दुसरीकडं नेऊ नका." नानांनी राख परदेशी पाठवली, तिचा हिरा करवून आणला आणि अंगठीत बसवला. पनवेलमधल्या बाकीच्या बिल्डरांच्या गेलेल्या बायका भिंतीवर हार घालून होत्या, नानांची बोटात.

हिरा पिवळसर निघाला. पुतणी प्राची कॉलेजात फिजिक्स शिकवायची, संशोधनही करायची. पिवळेपणा नायट्रोजनचा, आणि तिला असाच हिरा हवा होता. तिनं तो तीन महिन्यांसाठी मागून घेतला. बुधवारी दुपारी नाना तो न्यायला तिच्या प्रयोगशाळेत गेले, तर खडा गुलाबी झालेला.

"इलेक्ट्रॉनचा मारा केला, मग भट्टीत तापवला," प्राची म्हणाली.

"काकूला परत जाळलंस, पोरी?"

"जाळलं नाही नाना. नायट्रोजनच्या शेजारी एक रिकामी जागा तयार होते. सगळी करामत तिची." तिनं खडा बसवलेल्या यंत्राच्या पडद्याकडे बोट केलं. "हिऱ्यात शंभरात एखादा कार्बन इवल्याशा लोहचुंबकासारखा असतो. एरवी प्रत्येकाचं तोंड भलतीकडे."

"ग्रामसभा."

"तेच. हिरवा लेझर मारला की त्या रिकाम्या जागेतले इलेक्ट्रॉन रांगेत येतात, आणि मायक्रोवेव्ह सोडले की ते शेजारच्या कार्बनना रांगेत आणतात. बर्फबिर्फ काही नको, असंच पंख्याखाली. सगळी तोंडं एकीकडे झाली की या रेघेवर हे शिखर वर येतं."

शिखर खाली लोंबत होतं.

प्राचीनं सगळी बटणं तपासली. "आत्ता वर होतं, तुम्ही यायच्या आधी. तोंडं उलटी झाली."

नानांचा फोन वाजला. ते बाहेर गेले आणि शिखर वर आलं. ते आत आले, शिखर खाली. नाना स्टुलावर टेकले. गुणाबाई रागावली की भांडत नसे. पाठ करून बसे.

"बंद कर ते."

"केलं. लेझर बंद, मायक्रोवेव्ह बंद. पाच मिनिटांत पांगतील सगळे."

वीस मिनिटं झाली. शिखर केसभरही हललं नाही. प्राची नखं खाऊ लागली.

नानांनी चपला काढल्या आणि पिंडासमोर जोडावेत तसे यंत्राला हात जोडले. "तुझ्या बहिणीला, शकूला, फ्लॅट देतो. वन बीएचके." काही नाही. "बरं बाय, टू." काही नाही. "ओवे गावातल्या बिल्डिंगला तुजं नाव देतो. मोठ्या अक्षरात." काहीच नाही. मग अगदी हळू, प्राचीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं ते म्हणाले, "न्हाव्याच्या खाडीत सोडतो."

शिखर विरघळलं. रेघ सपाट झाली.

प्राचीनं खडा काढून दिला. नानांनी तो खिशात टाकला आणि दारात त्यांचा सूर मूळपदावर आला.

"चल, सोनाराकडं टाकतो परत बसवायला."

"आणि खाडी?"

"बोललो ना! तेवढ्यानं शांत झाली. झालं की."

 प्राची पडद्याकडे बघत होती. नाना वळले. यंत्र रिकामं होतं आणि शिखर पुन्हा खाली लोंबत होतं.

नाना घाईनं बाहेर पडले. कंपाउंडच्या फाटकावरून गेलेल्या विजेच्या तारेवर पंचवीस-तीस कावळे ओळीनं बसले होते, सगळे त्यांच्याकडे पाठ करून. नाना तारेखालून पलीकडे गेले. कावळे वळले, सगळे एकदम, आवाज न करता. पुन्हा पाठच.

नाना गाडीत बसले.

"सोनाराकडंच ना, नाना?" ड्रायव्हर अवधूतनं विचारलं.

"नाय. न्हाव्याला घे. खाडीवर."

"बरं."

ड्रायव्हरनं पुढंच बघायचं असतं, हे नानांना ठाऊक होतं. तरी ते म्हणाले, "अवधूत, जरा मागं बघ रे एकदा."

अवधूतनं गिअर टाकला. न्हावे येईपर्यंत त्यानं काही मान वळवली नाही.